प्रफुल्लचं नाक

सावरखेड्यात प्रफुल्ल नगराळेचं नाक त्याच्याआधी नावारूपाला आलं होतं. पोरगा शाळेत होता तेव्हापासून शेजारच्या बाया दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दारात उभ्या राहायच्या. ‘बाबू, हुंग बरं, फाटन का हे?’ बाबू नाक पुढे करायचा आणि निकाल द्यायचा. एकदा त्याने विहिरीच्या पाण्याला उंदराचा वास येतो म्हणून सांगितलं. गावाने आधी त्याला वेड्यात काढलं आणि मग विहिरीतून उंदीर काढला. तेव्हापासून त्याच्या नाकाबद्दल वाकडं बोलायची कोणाची टाप नव्हती.

घरात या नाकाचा खरा उपयोग कापसाच्या दिवसांत व्हायचा. राळेगावकडे वेचणी झाली की कापूस घरात राहायला येतो आणि माणसं ओसरीत जातात. भाव आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून समोरची खोली आढ्यापर्यंत पांढरी भरलेली. पोरं त्यावर लोळतात, म्हाताऱ्यांना खाज सुटते. भिंतीला कुठे ओल आली तर खालचा कापूस आतल्या आत कुबटतो आणि वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. प्रफुल्लची माय मथुराबाई अशा वेळी एकच करायची. ‘जाय बाबू, हुंगून ये,’ म्हणायची. प्रफुल्ल गळ्यापर्यंत ढिगात शिरायचा, बाहेर यायचा, डोक्यावरचा कापूस झटकत सांगायचा, ‘मागच्या भितीजवळ, खाली. ओल्या बारदान्यावानी, पोत्यावानी येते.’ तेवढा कापूस काढून उन्हात घातला की बाकीचा वाचायचा. बाप गोविंदा तोंडावर कौतुक करणारा नव्हता, पण दुसऱ्याच्या ओसरीत बसला की ‘आपल्या घरी मशीन हाय’ असं सांगायचा.

बारावीनंतर प्रफुल्लने यवतमाळला हॉटेलचा कोर्स केला. इतकं शिकून पोरगं शेवटी कपबशा विसळणार, असं गावात बोलणं झालं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात त्याला लागलं ते काम टेबलावरचे उष्टे ग्लास उचलायचं. ग्लासही कसले, पातळ, उंच दांडीचे, धरायला भीती वाटावी असे. त्यातून लोक वाइन प्यायचे. एका संध्याकाळी एका टेबलावर नुकती उघडलेली बाटली होती, फ्रान्सची, लाल. प्रफुल्ल शेजारून जाताना थबकला आणि तोंडातून निघून गेलं, ‘याले आमच्या घरच्या ओल्या बारदान्याचा वास येऊन राह्यला.’

बाकीची पोरं खी खी करून हसली. पण हॉटेलच्या वाइनचं सगळं ज्यांच्या हातात होतं त्या गुंजन खानझोडे तिथेच उभ्या होत्या आणि त्या होत्या यवतमाळच्या. परगावी आपली बोली कानावर पडली की माणूस आधी ऐकतो, मग विचार करतो. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि ती बाटली टेबलावरून उचलायला लावली. त्यांनी नंतर समजावलं ते असं, की वाइनच्या बुचाला कधीकधी बुरशीचा रोग लागतो. त्याने कोणी मरत नाही, पण फळांचा वास मरतो आणि कुबट वास उरतो. अशी बाटली पाहुण्याच्या ग्लासात जाण्याआधी ओळखायची, हेच वाढणाऱ्याचं पहिलं काम. बरीच वर्षं घासूनही काहींना ते जमत नाही. ‘आणि तू चालता चालता ओळखलंस,’ त्या म्हणाल्या, ‘उद्यापासून माझ्याकडे ये.’

उष्टे ग्लास सुटले. गुंजन मॅडमनी त्याला शिकवायला घेतलं आणि प्रफुल्ल वेड्यासारखा शिकला. मुख्य जोडी दोन लाल वाइनींची, दोन्ही फ्रान्सच्याच, आणि एकमेकींशी जराही न जमणाऱ्या. बोर्दो गडद आणि भक्कम, हिरड्या आवळून धरणारी. त्या आवळण्याला टॅनिन म्हणतात. प्रफुल्ल म्हणायचा, बाभळीची दातवण चावली की होतं ते. बर्गंडी फिकी, पातळ, आंबट अंगाची, दातांना काही करत नाही, पण ग्लासातून असा वास वर येतो की माणसाने प्यायचं विसरावं. ‘बोर्दोचा सांगाडा बघायचा, बर्गंडीचा वास,’ असं मॅडम म्हणायच्या. प्रफुल्लला अर्थातच बर्गंडी आवडायची. पहिला पाऊस पडून गेलेलं वावर, पिकलं बोर, ओल्या पानांखालची अळंबी, एवढं सगळं त्या एका ग्लासात त्याला सापडायचं आणि तो येडबंबू होऊन हसत बसायचा.

मथुराबाईचं काय? पंचशील ती विहारात नुसतं म्हणून घरी येणारी नव्हती. खोटं बोलायचं नाही आणि दारूला शिवायचं नाही, या दोन गोष्टींवर तिने नवऱ्याला सोडलं नाही, पोराला काय सोडणार? ‘घोट आत जाते का तुह्या?’ तिने विचारलं. प्रफुल्लने सांगितलं की या धंद्यात चव घेऊन थुंकायचीच असते, मोठमोठे साहेब भांड्यात थुंकतात. तिला आधी खरं वाटेना. मग त्या धंद्याबद्दल तिला थोडा आदर वाटला आणि एवढी महाग चीज थुंकणाऱ्या लोकांच्या डोक्याबद्दल शंका आली. प्रफुल्लने तिला शब्द दिला होता आणि तो पाळला होता. या नोकरीत त्याने एक घोटही गिळला नव्हता.

दोन हजार सतरा साल उजाडलं ते बोंडअळी घेऊन. कापसाची ती सगळी वर्षंच वाईट, पण त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळी काही केल्या मरेना. जो तो फवारत होता, एकावर एक, दुकानदार देईल ते मिसळून. नगराळ्यांच्या वावरात दरवर्षी तांड्यावरचा धावजी फवारणीला यायचा. त्या ऑगस्टात धावजी फवारता फवारता दुसऱ्याच्या वावरात पडला आणि यवतमाळच्या दवाखान्यात गेला. गोविंदाला ताप. प्रफुल्ल रजेवर घरी आलेला. ‘मी मारतो ना पंप, त्यात काय,’ म्हणून त्याने पंप पाठीवर घेतला.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला पाहिजे. सावरखेड्यात सगळे जण फवारताना तोंडाला दुपट्टा बांधतात आणि उन्हाचा त्रास नको म्हणून तो विहिरीवर भिजवून घेतात. ओला दुपट्टा गारही लागतो आणि औषधाचा वासही येत नाही, असा सगळ्यांचा अनुभव. ओलं कापड ते औषध पिऊन घेतं आणि दिवसभर नाकाला लावून ठेवतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यात प्रफुल्लचं नाक ते तसलं. दुसऱ्यांना वास यायचा, याला तो वास मारायचा. म्हणून दुसऱ्याने एकदा भिजवला तर याने चारदा भिजवला. डोक्यावरच्या पऱ्हाटीवर पंप धरायचा, फवारा तोंडावर उतरायचा आणि वास वाढला की हा पुन्हा विहिरीवर. बरं वाटायचं. संध्याकाळपर्यंत वास येईनासा झाला, तेव्हा त्याला वाटलं, जमलं आपल्याला.

रात्रीतून उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे धुकं आलं. दवाखान्यात धावजीच्या पलीकडच्या खाटेवर त्याला टाकलं. धावजी वाचला नाही. प्रफुल्ल वाचला. डोळ्यांपुढचं धुकं गेलं, हातांचा कंप गेला, अन्न पचायला लागलं. दवाखान्यात सगळ्या गोष्टींना एकच फिनेलचा वास असतो, आणि तो आपल्याला येत नाही हे घरी निघायच्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. त्याने डॉक्टरांना हळूच विचारलं. डॉक्टर चांगले होते, खोटा धीर दिला नाही. म्हणाले, ‘येईलही. नाहीही येणार. थांबून बघायचं.’

प्रफुल्लने कोणालाही सांगितलं नाही. पुण्याहून मॅडमचा फोन आला की ‘एकदम ठीक आहे, थोडी कमजोरी आहे’ म्हणायचा. रोज सकाळी उठला की आधी हात नाकाशी न्यायचा. साबण, शेण, कांदा, रॉकेल, जे सापडेल ते हुंगायचा. काहीच नाही. जेवणात तिखट कळायचं, मीठ कळायचं, पण भाकरी कसली आणि वांगं कसलं, सगळं तोंडात सारखंच. पंचवीस वर्षांच्या माणसाने गोठ्यात बसून रडावं, तसा तो रडला. गोठ्यात, कारण तिथे कोणी येत नव्हतं.

मथुराबाईला कळलं ते एका दुपारी. चुलीवर डाळ ठेवून ती पाणी आणायला गेली होती आणि प्रफुल्ल चुलीशेजारीच मोबाइल बघत बसला होता. परत आली तर गल्लीच्या तोंडापासून जळका वास. धावत आत आली, डाळ कोळसा झालेली आणि पोरगा चुलीकडे पाठ करून तिथेच बसलेला.

‘काहून रे, दिसत नाही का तुले?’ ती ओरडली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली घागर तिने खाली ठेवली. ‘बाबू. वास नाही आला तुले?’

‘नाही आला माय.’

‘कवापासून?’

‘फवारलं तवापासून.’

ती त्याच्याजवळ बसली. जळकी डाळ तशीच राहिली. मग म्हणाली, ‘मॅडमले खरं सांगून टाक.’

‘सांगितलं तं नोकरी गेली. थे नाकाचीच नोकरी हाय माय.’

‘खोटं बोलशीन?’

‘येईन ना वास. डॉक्टर म्हणते येऊ शकते. आला की मंग कायचं खोटं?’

मथुराबाईला ते पटलं नाही. पण ती पोराच्या तोंडाकडे बघत होती आणि त्या तोंडाशी वाद घालायची तिची हिंमत झाली नाही.

डिसेंबरात फोन आला. हॉटेलने वाइनचं वेगळं रेस्टॉरंट काढलं होतं आणि तिथे मॅडमना मुख्य वाढणारा म्हणून प्रफुल्लच हवा होता. पण आजारपणाची बातमी पुण्यापर्यंत गेली होती आणि वरचे साहेब कुरकुरत होते. ‘मी संक्रांतीला बाबांकडे यवतमाळला येतेय,’ गुंजन म्हणाल्या. ‘दोन बाटल्या घेऊन येते. तू ये, माझ्यासमोर बस, दोन्ही नीट सांग. मी साहेबांना सांगते की मी स्वतः पाहिलंय, आणि विषय संपला. तुझ्यासाठी काही कठीण नाही ते.’

प्रफुल्ल ‘हो मॅडम’ म्हणाला आणि फोन ठेवल्यावर ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. संक्रांतीपर्यंत वास आला नाही तर ती जागा गेली. पुणंही गेलं आणि मागे वावर, पऱ्हाटी, पंप, ओला दुपट्टा. त्याला खरोखर धडकी भरली.

तेव्हा त्याने एक उद्योग सुरू केला. नाक गेलं, पण जीभ आणि हिरड्या शाबूत आहेत. आंबट किती, आवळतं किती, तोंडात जड लागतं की पातळ, घशाला ऊन किती लागतं, हा वाइनचा सगळा सांगाडा नाकाशिवाय कळतो. वास काय, ते पाठ आहेत, म्हणून दाखवता येतील. सावरखेड्यात वाइन कुठली? त्याने कोरा चहा उकळला, एक कमी, एक पार काळा. चिंचेचं पाणी केलं, पातळ आणि दाट. बाभळीची साल भिजत घातली, हिरडा उगाळला. मथुराबाई त्याच्यामागे उभं राहून पेले अदलाबदल करायची आणि हा डोळे मिटून घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, अंगणात थुंकायचा. ‘हे जास्त आवळते. हे पातळ. याच्यात चिंच थोडी, साल जास्त.’ ती ‘बरोबर’ म्हणायची. रस्त्याने जाणारे बघायचे. औषध डोक्यात गेलं पोराच्या, असं गावात झालं, आणि मथुराबाई पेले बदलत राहिली.

उद्योग जमत गेला. संक्रांत जवळ आली तेव्हा पेल्यातली चिमूटभर चिंचसुद्धा त्याच्या जिभेतून सुटत नव्हती. नाकात मात्र तसाच अंधार. संक्रांतीच्या आधी अवकाळी पाऊस झाला, दोन दिवस लागून राहिला, सगळं गाव मातीच्या वासाने भरलं असणार. प्रफुल्ल अंगणात उभा राहून भिजला आणि आत आला.

यवतमाळात खानझोड्यांचं घर म्हणजे जुन्या वस्तीतलं, तुळशीचं, पाटीवर नाव असलेलं. गुंजनचे वडील वामनराव बाजार समितीत कारकून होते, कापसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरात वाइनच्या बाटल्या आल्यात या कल्पनेने त्यांनी सकाळपासूनच पुढच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. ‘मुलगी मोठ्या पदावर आहे, मी काही बोलत नाही,’ असं ते प्रफुल्लला दारातच म्हणाले आणि तिळगुळाची वाटी पुढे केली. ‘घ्या, गोड बोला.’

‘बाबा, आत्ता नको,’ गुंजन ओरडली. बापाच्या घरात ती मॅडम नव्हती, लेक होती. ‘त्याचं तोंड साफ पाहिजे. नंतर.’ वामनराव वाटी घेऊन आत गेले. कोऱ्या तोंडाने लाल पाणी थुंकायचं आणि तिळगूळ मात्र नंतर, हा न्याय त्यांना कळला नसावा.

गुंजनने साड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेले ग्लास टेबलावर मांडले. बाटल्या स्वयंपाकघरात उघडल्या, तिथेच ओतल्या आणि ग्लास भरून आणले, म्हणजे नाव दिसायला नको. थुंकायला स्टीलचा गंज ठेवला. ती खुशीत होती. त्याला बघून तिला खरंच बरं वाटलं होतं आणि ते ती लपवत नव्हती. ‘वाळलास रे. चल, सांग.’

पहिला ग्लास. प्रफुल्लने तो उजेडाकडे धरला. गडद, कडेला विटकरी झाक. नाक ग्लासात घातलं, डोळे मिटले, हवा तेवढा वेळ तसाच राहिला. काच गार लागली, एवढंच. मग घोट घेतला. आंबटपणा मध्यम. हिरड्यांवर पकड बसली, भक्कम, पण सालीसारखी ओरबाडणारी नव्हती. जीभ जड झाली. थुंकल्यावरही पकड कितीतरी वेळ सुटेना.

‘बोर्दो,’ तो म्हणाला. ‘टॅनिन खूप आहे मॅडम, पण मऊ पडलंय, म्हणजे बाटलीत वर्षं गेलीत. अंगाने भरलेली. आंबट तिला उभी धरते, नाहीतर ती बसून गेली असती. मधेच कुठे खड्डा नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी.’ मग त्याने पाठ केलेलं म्हटलं. ‘वासात जांभूळ. सागवानाचा भुसा. मागून तंबाखूचं पान.’

गुंजन त्याच्याकडे बघतच राहिली. ‘अगदी बरोबर. आणि सांगाडा इतका नीट तू आधी कधी सांगितला नव्हतास. आधी तर तुझं सगळं वासातच असायचं.’

‘सराव केला,’ प्रफुल्ल म्हणाला आणि पहिला ग्लास बाजूला सारला.

दुसरा ग्लास. फिका, पलीकडची बोटं दिसतील असा. ती बर्गंडी आहे हे त्याला उचलतानाच कळलं. तोंडात घेतली तर जबड्याखालून पाणी सुटलं, इतकी आंबट, पण धारदार, स्वच्छ. हिरड्यांना नुसता स्पर्श. पातळ, पण पाण्यासारखी नाही, जिभेवरून रेशमाचा धागा ओढावा तशी सरकणारी. घशाला ऊन कमी. एवढं त्याने सांगितलं, थांबत, तोलून. बोर्दो हिरड्यांवर उभी राहते आणि ही आंबटावर, असंही सांगितलं. मग त्याने ग्लास खाली ठेवला.

‘आणि वास?’ गुंजन हसत होती. हसू दाबत होती, म्हणायला हवं.

‘बोर, पिकलेलं. आणि ओलं...’

ती पुढे सरकली. ‘हां. ओलं काय?’

त्याला वाटलं, जमतंय. ‘ओली माती. पहिल्या पावसाची. आणि पानांखालची अळंबी. फार साजरी, चांगली आहे मॅडम. अशी साफ बर्गंडी मी पुण्यातही नाही पाहिली.’

गुंजनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ‘परत एकदा वास घे,’ ती म्हणाली. तिचा आवाज वेगळा लागला. त्याने नाक ग्लासात घातलं, आता जरा जास्तच खोल. ‘साफ आहे मॅडम. एकदम साफ.’

वामनराव तेवढ्यात तिळगुळाची वाटी घेऊन आले. आता झालं असेल, असा त्यांचा हिशेब. वाटी ठेवायला ते ग्लासांजवळ वाकले आणि त्यांनी नाक मुरडलं. ‘हे काय गं, कुबट कसला वास येतोय? मार्केटात बारदाना भिजला की यायचा, तसा येतोय.’

वामनरावांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा त्या पोराकडे, आणि वाटी तिथेच ठेवून आत गेले.

प्रफुल्लने ग्लास पुन्हा उचलला. नाकाशी धरला, फिरवला, पुन्हा धरला. जन्मभर ओळखीचा तो वास, ज्याने त्याला उष्ट्या ग्लासांतून वर काढलं होतं, तो समोर भरून ठेवला होता, आणि प्रफुल्लला तिथे काहीच सापडत नव्हतं.

‘उघडल्या उघडल्या मला कळलं होतं, बूच खराब आहे,’ गुंजन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘फेकणारच होते. मग वाटलं, राहू दे, प्रफुल्ल वास घेईल आणि हसेल. आपली जुनी गोष्ट निघेल. परीक्षा म्हणून नव्हती रे ठेवली. गंमत म्हणून ठेवली होती.’

मग त्याने सांगितलं. पंप, पऱ्हाटी, चारदा भिजवलेला दुपट्टा. सांगताना त्याची बोली गावाची झाली. ‘सहा महिने थांबा मॅडम. वर्षभर थांबा. डॉक्टर म्हणते येऊ शकते. नावं मले पाठ हायेत. सांगाडा तं बरोबर सांगितला ना मी? सांगा, एक तरी गोष्ट चुकली काय?’

‘एकही चुकली नाही.’

‘मंग?’

‘मंग असली बाटली तू पाहुण्याला वाढशील, आणि तो ती तुझ्या तोंडावर परत करेल,’ ती म्हणाली. ‘मी तुला त्या टेबलापाशी उभं नाही करू शकत, प्रफुल्ल. दुसरं काही बघते. पार्ट्यांच्या बाजूला, मांडणीला...’

‘ग्लास उचलायले?’

तिने मान खाली घातली. प्रफुल्लने तिळगुळाचा एक खडा तोंडात टाकला, कारण वामनरावांनी तो प्रेमाने दिला होता. गोड लागला, दुसरं काही नाही. तो उठला, जयभीम केला आणि निघाला. गुंजन दारापर्यंत आली.

राळेगावच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंनी उघडी वावरं, उभ्या सुकलेल्या पऱ्हाट्या, त्यांवर अळीने खाल्लेली न फुटलेली बोंडं. शेजारच्या माणसाने डब्यातून काही खायला काढलं, बाकीच्यांनी वळून बघितलं. प्रफुल्लने बघितलं नाही. आपण मेलो असतो तर धावजीसारखं निदान संपलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून तो घाबरला.

घरी पोचला तेव्हा ऊन कलतं होतं. गोविंदा वावरात. मथुराबाई ओसरीत वाती वळत बसली होती. तिने वर बघितलं आणि विचारायचं ते विचारलं. ‘काय म्हणलं मॅडमनं?’

‘जमलं नाही माय.’

खरं सांगितलं असतंस तर, असं म्हणायचा तिला हक्क होता. ते ती म्हणाली नाही. प्रफुल्ल चपला काढून समोरच्या खोलीत गेला. यंदा अळीमुळे कापूस आढ्यापर्यंत नव्हता, तरी डोक्याइतका होता, भाव यायची वाट बघत. तो लहानपणी शिरायचा तसा ढिगात शिरला, गळ्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत. आत बराच वेळ काही हललं नाही, तशी मथुराबाई उठून दारात आली.

‘बाबू! बाहीर ये!’

‘माय, तू इकडं ये,’ आतून आवाज आला. ‘दोन दिवस पाऊस लागलता. मागची भित पाह्यली का कोनी? तू हुंग.’

‘मले कुठं कळते रे? मी तं तुलेच धाडत होती.’

‘हुंग ना माय. तू हुंग अन् मले सांग.’

तिने पदर खोचला, कापूस बाजूला सारत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या डोक्याशेजारी डोकं खाली घातलं. तिथे त्याच्याइतक्या नाकाची गरजच नव्हती, वास भपकन आला. सगळी मागची बाजू गेली होती. मथुराबाईने श्वास धरून ठेवला. पोराचा चेहरा अगदी जवळ होता, डोळे मिटलेले, ती काय सांगते त्याची वाट बघणारे.

‘काय येते माय?’

‘काही नाही येत,’ ती म्हणाली. ‘साजरा हाय कापूस.’

प्रफुल्लचा हात ढिगाच्या तळाशी भिंतीजवळ गेला होता. तिथला कापूस ओला होता, आतून गरम झालेला, बोटांना चिकटणारा.

‘हो माय,’ तो म्हणाला, ‘साजरा हाय,’ आणि तिला दिसू नये म्हणून त्याने हात पँटला पुसला.